बारा बैठका: लढाईनंतरच्या मनाचा उपचार सुरू करणं आणि पुरा करणं



ज्यांनी हे बोलणं व्हिडिओवर ऐकलं, त्यांना मध्येच दोनदा लांबून 'ढम्' असा आवाज आला असेल. तो बबिन्याच्या फायरिंग रेंजचा. मी झाशीत राहतो, छावणीच्या हद्दीला लागून. वारा तिकडून असला की रणगाड्यांच्या सरावाचा आवाज घरापर्यंत येतो. काही वर्षांपूर्वी हा आवाज आला की मी जेवणाच्या ताटावरून उठून न्हाणीघरात जाऊन उभा राहायचो. दार लावून, भिंतीला पाठ टेकून. घरच्यांनी काही विचारलं तर म्हणायचो, पोट बिघडलंय.

आजचा विषय हाच आहे. लढाई किंवा चकमक पाहिलेल्या माणसाच्या मनाला जो आजार होतो, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात आणि मराठीत आघातोत्तर ताण विकार म्हणतात, त्याचा बोलून करायचा उपचार. तो सुरू कसा होतो, माणसं तो मध्येच का सोडतात आणि पुरा केला म्हणजे नेमकं काय होतं. मी डॉक्टर नाही. मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, म्हणजे जखमी जवानाला पहिली पट्टी बांधणारा. हा उपचार मी दोनदा सुरू केला आणि एकदा पुरा केला. त्या दोन्ही वेळांमधला फरक सांगावा म्हणून बोलतोय.

झाशी आणि आपण

मूळचा मी सातारा जिल्ह्यातला. १९९१ ला भरती, २०१३ ला पेन्शन. शेवटची काही वर्षं बुंदेलखंडात गेली आणि सासर झाशीचं, म्हणून इथंच घर केलं. बाहेरच्या लोकांना नवल वाटतं, पण झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. नेवाळकरांचं राज्य होतं ना इथं. राणीसाहेबांचं लग्न जिथं लागलं ते गणेश मंदिर आजही आहे. आमच्या घरात बायको आईशी मराठी बोलते, भाजीवाल्याशी बुंदेली आणि माझ्यावर रागावली की हिंदी.

याच गावानं १८५८ चा वेढा पाहिला. त्या वेळी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक झाशीत अडकले होते. शहर पडलं, कत्तल झाली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढं घरी परतल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांनी ते सगळं लिहून काढलं आणि 'माझा प्रवास' या नावानं ते १९०७ मध्ये छापलं गेलं. त्यांना हा आजार होता असं मी मुळीच म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पाहिलेलं भयंकर काही इतक्या वर्षांनीही पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं सांगता येतं. उपचारात आम्हाला हेच शिकवतात.

आजार म्हणजे काय

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखालून आलेले सैनिक थरथरायचे, मुके व्हायचे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. तेव्हा काहींना वाटायचं मेंदूला धक्का बसलाय, काहींना वाटायचं माणूस भित्रा आहे. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं पीटीएसडी हे नाव आपल्या अधिकृत यादीत घेतलं. तेव्हापासून तो रीतसर आजार आहे, जसा मधुमेह आहे तसा.

त्याची लक्षणं चार गटांत मोडतात.

पहिला गट म्हणजे घटना पुन्हा घडणं. आठवण आपण काढत नाही, ती घुसते. स्वप्नात येते, वासातून येते. मला डिझेल आणि ओल्या मातीचा वास एकत्र आला की यायची.

दुसरा गट टाळण्याचा. ती जागा, तो विषय, ती माणसं, तो विचार, सगळं चुकवायचं. युनिटच्या मित्रांचे फोन मी घेत नव्हतो.

तिसऱ्या गटात विचार आणि भावना बिघडतात. 'माझ्यामुळे झालं', 'कुणावर भरवसा नाही', 'मी माणूसच वाईट'. आपल्याच पोरांविषयी माया वाटेनाशी होते.

चौथा गट म्हणजे शरीर कायम पहाऱ्यावर असणं. दचकणं, भडकणं, झोप नसणं, हॉटेलात भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसणं.

अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि रोजच्या जगण्यात आडवी आली, तर डॉक्टर हे निदान करतात. आणखी एक लक्षात ठेवा. भयंकर प्रसंग पाहिलेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. बहुतेकांचं मन आपोआप सावरतं. ज्यांचं अडकतं ते कमजोर असतात असंही नाही. आमच्या टोळीतला सगळ्यात धीट माणूस आज दारू पिऊन पडलेला असतो.

माझं अडकलेलं

२००१ चा पावसाळा संपत आला होता. काश्मीरमध्ये आमची गाडी रस्त्यावरच्या स्फोटात सापडली. दोन जण गंभीर जखमी. एक गप्प पडलेला, दुसरा ओरडत होता. आमच्या धंद्यात शिकवतात की ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प असलेल्याकडे आधी जा. मी गेलो. त्याच्या तोंडात रक्त होतं, ते काढलं, श्वासाची वाट मोकळी केली. तेवढ्यात मागचं ओरडणं थांबलं.

तो मुलगा आमच्या शेजारच्या तालुक्यातला होता. बावीस वर्षांचा. त्याच्या आईनं मला एकदा घरून भाकरीबरोबर ठेचा बांधून दिला होता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: मी चुकीच्या माणसाकडे गेलो. सोळा वर्षं ते वाक्य मी कुणाला ऐकवलं नाही. नोकरी केली, लोकांना पट्ट्या बांधल्या, पेन्शन घेऊन घरी आलो.

दार ठोठावायला इतका वेळ का लागतो

सैन्यात वैद्यकीय तपासणीत 'शेप' असतो. त्यातलं पहिलं अक्षर मनाच्या तब्येतीचं. शेप-वन म्हणजे सगळ्या बाबतींत तंदुरुस्त. मनाचं अक्षर खाली गेलं की बढतीचं काय, पोस्टिंगचं काय, बरोबरचे काय म्हणतील, या भीतीनं जवान बोलत नाही. ही सवय पेन्शन घेतल्यावरही सुटत नाही. मला वाटायचं, मानसोपचाराला गेलो तर पेन्शन अडेल, गार्डची नोकरी मिळणार नाही. पेन्शन ही केलेल्या नोकरीची असते, उपचार घेतल्यानं ती कापली जात नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

२०१७ च्या लगीनसराईत बायकोच्या नात्यात वरात होती. इकडं वरातीत हवेत गोळ्या झाडायची वाईट खोड आहे. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड झालाय, पण तेव्हा ते सर्रास चालायचं. पहिली गोळी सुटली आणि मी नऊ वर्षांच्या मुलीला ओढून जमिनीवर पाडलं, तिच्यावर आडवा झालो. तिचा हात मुरगळला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, फौजीजींना अजून बॉर्डरच दिसते.

रात्री बायको एवढंच म्हणाली, "अहो, पोरगी आता तुम्हाला घाबरते."

दुसऱ्या आठवड्यात मी माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकला जायचं, तिथले डॉक्टर तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतात. बंद दाराआड डॉक्टरांना "झोप येत नाही, दचकायला होतं" एवढं सांगितलं तरी पुरतं. रांगेतल्या कुणाला काही कळत नाही.

पहिली वेळ: चौथ्या बैठकीनंतर पळालो

मला ज्या पद्धतीनं उपचार सुरू झाला तिला 'प्रोलॉंग्ड एक्स्पोजर' म्हणतात. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञांनी ती घडवली. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक दीड तासाची. त्यामागचं तर्कशास्त्र सोपं आहे. भीती वाटली की आपण पळतो. पळालो की लगेच बरं वाटतं. त्या बऱ्या वाटण्यातून मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि पळाल्यामुळे वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. हे चक्र उलटं फिरवायचं तर सुरक्षित जागी बसून, जाणत्या माणसाच्या सोबतीनं, त्या आठवणीजवळ थांबावं लागतं. मग मेंदू नवी गोष्ट शिकतो: ही आठवण आहे, स्फोट नाही.

यात दोन कामं असतात. एक, टाळलेल्या गोष्टींची यादी करायची, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत, आणि एकेक करत त्यांना सामोरं जायचं. माझ्या यादीत बाजारातली गर्दी खालच्या पायरीवर होती आणि त्या मुलाच्या घरी फोन करणं सगळ्यात वर. दुसरं काम म्हणजे डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगायची, ती रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची.

तिसऱ्या बैठकीत मी सांगितली. कशी सांगितली माहिताय? रिपोर्ट देतात तशी. फौजी हिंदीत. इतके वाजता, अमुक ठिकाणी, इतके घायल. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पुन्हा सांगा. मी पुन्हा रिपोर्ट दिला. घरी ते रेकॉर्डिंग ऐकायचं होतं, मी फोन कपाटात ठेवला. झोप आणखी बिघडली. चौथ्या बैठकीनंतर फोन करून सांगितलं की गावी सोयाबीनची काढणी आहे, महिनाभर येणार नाही. माझ्या नावावर सोयाबीनचं एक रोपही नाही.

पद्धत चांगली होती आणि शिकवणाऱ्या मॅडमही. पळालो मी, आणि मी एकटाच पळालो नव्हतो.

मध्येच सोडणारे किती

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचं मोठं जाळं आहे आणि तिथं हिशेब ठेवला जातो. २००१ ते २०१५ या काळातल्या, इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अडीच लाखांहून अधिक पीटीएसडीग्रस्त सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सिद्ध झालेला मनोपचार सुरू करणारे निघाले शंभरात सुमारे तेवीस. पुरेशा बैठका पुऱ्या करणारे शंभरात सुमारे नऊ. उपचार तिथं उपलब्ध होता, खर्चही सरकारचा होता.

२०२२ मध्ये तिथंच ९१६ माजी सैनिकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन पद्धतींची तुलना होती. एकीत शंभरातले ५६ जण मध्येच थांबले, दुसरीत ४७. म्हणजे खास अभ्यासात, सगळी काळजी घेऊनही, जवळजवळ निम्मे गळतात.

का गळतात? मी माझ्यापुरतं आणि ओळखीच्या चार-पाच जणांपुरतं सांगू शकतो.

टाळणं हेच या आजाराचं लक्षण आहे. पाय मोडलेल्या माणसाला आपण धावत दवाखान्यात ये म्हणत नाही. इथं मात्र ज्याचा आजारच टाळण्याचा, त्याला आपण म्हणतो दर आठवड्याला ये आणि तेच बोल.

सुरुवातीला काही जणांना थोडं जास्त वाईट वाटतं. जुनी जखम वरून भरलेली आणि आत पू असेल तर ती उघडून धुवावी लागते. ड्रेसिंगच्या वेळी जवान शिव्या देतो. मी हे रोज पाहिलेला माणूस, पण माझी पाळी आली तेव्हा पळालो.

आपण लायक नाही असं वाटतं. 'त्याचा जीव गेला आणि मी खुर्चीत बसून बरं व्हायचं?'

आणि साध्या अडचणी असतात. बसभाडं, सुट्टी, शेतीची कामं, भाषा.

काही जण मात्र आधीच बरे होतात म्हणूनही थांबतात. त्यामुळे थांबलेला प्रत्येक जण हरला असं नाही. थांबायच्या आधी मॅडमना समोर बसून सांगितलं का, एवढं स्वतःला विचारायचं. सांगून थांबणं वेगळं, सोयाबीन काढायला जाणं वेगळं.

दुसरी वेळ: मराठीतून

२०२२ मध्ये मी पुन्हा सुरू केलं. कारण साधं होतं. मुलगी चौदाची झाली होती आणि शाळेच्या निबंधात तिनं लिहिलं होतं की बाबा घरी असले की आम्ही हळू बोलतो. शिक्षिकेनं त्या वाक्याला बरोबरची खूण केली होती.

या वेळी व्हिडिओ कॉलवर, पुण्याच्या एका मराठी मॅडमकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतःशी कुठल्या भाषेत बोलता?" मी म्हणालो, मराठीत. "मग ते वाक्य मराठीतच सांगा." मी म्हणालो, "मी चुकीच्या पोराकडं गेलो." सोळा नाही, आता एकवीस वर्षं झाली होती. हिंदीत ते 'कॅज्युअल्टी' होतं, मराठीत ते पोर होतं. ज्यांना भाषेची निवड आहे त्यांनी ती करावी, असं माझं मत आहे. हिंदीत नोकरी केली म्हणून दुःख हिंदीत झालं असं नसतं.

ही दुसरी पद्धत होती, 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी'. पॅट्रिशिया रेसिक यांनी ती तयार केली. साधारण बारा बैठका, प्रत्येक तासाभराची. हिच्यात घटना बारीकसारीक सांगायलाच हवी अशी सक्ती नसते. भर असतो त्या घटनेतून आपण जे निष्कर्ष काढले त्यांच्यावर. तिसरीही एक सिद्ध पद्धत आहे, ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करतात. ती मी घेतली नाही. गोळ्याही असतात, डॉक्टर काहींना त्या देतात, आणि गोळ्या चालू असताना बैठका करता येतात. एकाची दुसऱ्याला आडकाठी नाही.

बारा बैठका कशा गेल्या ते थोडक्यात सांगतो.

पहिल्या बैठकीत आजार समजावून दिला आणि गृहपाठ: एक पानभर लिहा की हे का घडलं असं तुम्हाला वाटतं, आणि त्यामुळे तुमचं स्वतःबद्दल, लोकांबद्दल, जगाबद्दल मत काय झालं. मी लिहिलं, 'माझ्या निवडीमुळे एक पोर गेलं. माझ्यावर कुणी जीव सोपवू नये.'

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत एक तक्ता. काय घडलं, मी मनाशी काय म्हणालो, काय वाटलं. रोजच्या साध्या प्रसंगांवर भरायचा. मुलगी उशिरा आली, मी म्हणालो 'काहीतरी वाईट झालंय', वाटली भीती, दिसला राग. असं रोज लिहिलं की विचार आणि वस्तुस्थिती वेगळ्या दिसायला लागतात.

चौथी बैठक. इथंच मागच्या वेळी पळालो होतो. मॅडमनी उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारले. त्या क्षणी तुमच्याजवळ किती हात होते? दोन. उजेड? नव्हता. गप्प असलेल्याकडे आधी जायचं हे कुणी शिकवलं? आमच्या प्रशिक्षणानं. दुसऱ्याची जखम कुठं होती? जांघेत, अगदी वर. तिथं आवळपट्टी बसते का? मी थांबलो. बसत नाही. हे मला माहीत होतं. त्याच रात्री आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं होतं की ती रक्तवाहिनी तिथं कुणालाच थांबवता आली नसती. मी ते ऐकलं होतं, पण आत घेतलं नव्हतं. आणि ज्याच्याकडे मी गेलो, तो आज कुठं आहे? मी म्हणालो, नांदेडकडं. दोन मुलं आहेत त्याला.

मी फोन बंद केला नाही. रडलो, पण खुर्चीवरून उठलो नाही.

नंतर घडलेलं माहीत असल्यामुळे आपण आधीच्या स्वतःला दोष देतो. पुढं काय होणार हे तेव्हाच्या माणसाला ठाऊक नसतं. हे सांगून कळत नाही, एकेक प्रश्नानं आपल्यालाच तिथपर्यंत जावं लागतं. मात्र या पद्धतीत सगळ्यांनाच 'तुझी चूक नाही' म्हणून सोडून देत नाहीत. खरी चूक असेल तर तिचा वाटा किती आणि नशिबाचा, शत्रूचा, परिस्थितीचा किती, हा हिशेब होतो. खेद आणि अपराध यांतला फरक कळतो. मला खेद आहे. तो राहील.

सातव्या-आठव्या बैठकीपासून पुढं पाच विषय येतात: सुरक्षितता, विश्वास, आपला ताबा, स्वतःची किंमत आणि जवळीक. शेवटच्या विषयात बायकोबद्दल बोलावं लागलं. ते स्फोटापेक्षा अवघड गेलं.

बाराव्या बैठकीत ते पहिलं पान पुन्हा लिहायचं, जुनं न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचायची. नव्या पानावर मी लिहिलं होतं, 'दोघं जखमी होते. मी एकाला वाचवू शकलो. दुसऱ्याला कुणीच वाचवू शकलं नसतं, पण त्याच्या आईला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.'

पुरं झालं हे कसं कळतं

वीस प्रश्नांची एक चाचणी असते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. साधारण ३१ ते ३३ च्या वर गुण आले तर आजाराची शंका घेतात. पक्कं निदान मात्र तज्ज्ञच करतात. दहा किंवा जास्त गुणांनी उतार पडला तर खरा फरक मानतात. माझे पहिल्या बैठकीला ५८ होते, बाराव्या बैठकीला २४. शून्य नाही. पुरं होणं म्हणजे विसरणं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही विसरायची वाट बघत बसाल.

बबिन्याचा आवाज आला की आजही मान वळते. ताट सोडून उठत नाही. गणपतीत ढोल वाजतात तेव्हा मी मंडपाच्या मागच्या बाजूला उभा असतो, पण असतो. महिन्यातून एखादं स्वप्न पडतं. आणि बारावी बैठक झाल्यावर तीन आठवड्यांनी मी त्या यादीतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर चढलो. त्याच्या घरी गेलो. आई आता फार थकल्यात. मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, "तू आलास का नाहीस रे इतकी वर्षं?" त्यांना वाटायचं की युनिटमधलं कुणी येत नाही म्हणजे मुलानंच काही चूक केली असेल. माझ्या टाळण्यानं त्यांचीही एकवीस वर्षं खाल्ली होती.

ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी

पहिलं, एक फोन. टेली मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. फोनवर पूर्ण उपचार होतो असं नाही, पण पहिलं वाक्य बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच फोन करा, बैठकीची वाट बघू नका.

दुसरं, घरात परवान्याची बंदूक असेल आणि मन खाली गेलं असेल, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात रीतसर जमा करता येते. यात लाज नाही. ड्युटी संपली की आपण कोतमध्ये हत्यार जमा करतच होतो.

तिसरं, गुप्तता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यानं दिलाय.

चौथं, उपचार करणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा: तुमची पद्धत कोणती, साधारण किती बैठका, आपण मोजणार कसं? शेवट कुठं आहे हे माहीत असलं की फौजी माणूस चालतो. कुठवर चालायचं हे न सांगता कूच करायला लावलं तर तो बसतो.

पाचवं, घरच्यांसाठी. "काय बोललात आज?" असं विचारू नका. "आज चहा करू का?" असं विचारा. माझी बायको बैठकीच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे येऊ देत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठाची वही टेबलावर काढून ठेवायची. एवढंच करायची. त्या 'एवढंच'वर माझ्या निम्म्या बैठका झाल्या.

आणि ज्यांनी एकदा सोडलंय त्यांना. पहिल्यांदा सोडलेल्या चार बैठका वाया जात नाहीत. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कुठं पळावंसं वाटणार ते मला माहीत होतं. म्हणून मी मॅडमना आधीच सांगून ठेवलं, चौथ्या वेळी मी काहीतरी कारण काढीन. त्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला: सोयाबीन कसं आहे?

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. २०२२ चं पान अजून खिळ्याला मागं लटकतंय, बारा तारखांना गोल केलेले आहेत. तुमच्या घरच्या कॅलेंडरवर आज एक गोल करा. बाकीचे अकरा मॅडम सांगतील तसे.